दादाजींचे धान

महाराष्ट्राच्या पूर्व भागात असलेल्या चंद्रपूर जिल्ह्यात, नागभीड तालुक्यात, नांदेड नावाचे एक लहानसे खेडे आहे. गोदावरीच्या काठचे प्रसिद्ध नांदेड शहर ते हे नव्हे. हे नांदेड रानाच्या कडेला वसलेले व धानावर जगणारे गाव आहे. या मुलखास झाडीपट्टी म्हणतात. येथे पाऊस पुष्कळ पडतो. पूर्वजांनी बांधलेले तलाव जागोजागी आहेत. दोन्ही वेळच्या ताटात भात हेच मुख्य अन्न असते. याच गावी दादाजी रामाजी खोब्रागडे हे शेतकरी राहत असत.

दादाजींचे घर गरिबीचे होते. लहानपणी त्यांना प्राथमिक शाळेच्या पुढे जाता आले नाही. ज्या वयात मुलांच्या हाती पाटी-पुस्तक असते, त्या वयात त्यांच्या हाती विळा आला. पुढे संसाराचा भार अंगावर पडला. जमीन थोडी आणि खाणारी तोंडे अधिक. त्यामुळे स्वतःच्या शेतातील काम उरकून दुसऱ्याच्या शेतावर मजुरीस जाणे, हा त्यांच्या आयुष्याचा नित्याचा क्रम होता.

धानाची शेती ही मोठ्या कष्टाची शेती होय. मृगाचा पाऊस पडला की एका कोपऱ्यात धान पेरून त्याची रोपे तयार करावयाची. या रोपांस तिकडे पऱ्हे म्हणतात. धुऱ्यांनी वेढलेल्या शेताच्या तुकड्यास बांधी म्हणतात. बांधीत पाणी साठवून चिखल करावयाचा आणि मग कमरेत वाकून एकेक रोप त्या चिखलात लावावयाचे. ही रोवणी. डोक्यावर पाऊस, पायाखाली चिखल, आणि दिवसभर वाकलेली पाठ! त्यानंतर निंदण, राखण, कापणी आणि मळणी. एवढे सारे करूनही घरी किती पोती येतील, हे पावसाच्या लहरीवर अवलंबून. असे कष्ट दादाजींनी केले, तसे त्या मुलखातील सहस्रावधी स्त्री-पुरुषांनी केले आहेत. परंतु दादाजींजवळ कष्टाच्या जोडीला आणखी एक गोष्ट होती. ते आपल्या पिकाकडे लक्षपूर्वक पाहत असत.

१९८३ सालची गोष्ट. त्यांच्या शेतात ‘पटेल-३’ या वाणाचे धान उभे होते. पीक पाहत फिरत असता तीन लोंब्यांवर त्यांची दृष्टी खिळली. या लोंब्यांतील दाणे इतरांहून निराळे, पिवळसर दिसत होते. एवढ्या मोठ्या शेतात तीन लोंब्या त्या किती! कापणीच्या घाईत त्या इतर पेंढ्यांबरोबर खळ्यावर गेल्या असत्या, तर कोणास पत्ताही लागला नसता. दादाजींनी त्या वेगळ्या काढल्या व त्यांचे दाणे घरी जपून ठेवले. घरात धान्याची चणचण असताना मूठभर दाणे वर्षभर राखून ठेवणे, हेही लहान काम नव्हे.

पुढील वर्षी त्यांनी ते दाणे शेताच्या मध्यभागी एका छोट्या तुकड्यात लावले. रान जवळ असल्यामुळे रानडुकरांचे भय होते. म्हणून त्यांनी त्या तुकड्याभोवती काटेरी झुडपांचे कुंपण केले. रोपे वाढली, लोंबली, भरली. त्यांचे उत्पन्न जुन्या वाणाहून अधिक आले. तेवढ्यावर दादाजींचे समाधान झाले नाही. त्या धानाचा तांदूळ काढून त्यांनी शिजवून पाहिला. भात चवीला चांगला लागला. तेव्हा कोठे त्यांनी ते बियाणे वाढविण्याचा निश्चय केला.

त्यांनी केले ते नेमके काय, हे समजून घेतले पाहिजे. धानाच्या फुलात सामान्यतः त्याच फुलातील पराग पडून दाणा धरतो. त्यामुळे बहुधा जसे बी, तसेच रोप निघते. परंतु क्वचित निसर्गतःच बीजात बदल घडतो, किंवा एका वाणाचा पराग दुसऱ्या वाणावर पडतो, आणि एखादे रोप वेगळे निपजते. त्यातील चांगले रोप हेरावयाचे, त्याचे बी वेगळे पेरावयाचे, आलेल्या पिकातून पुन्हा चांगल्या लोंब्या निवडावयाच्या आणि न जुळणाऱ्या काढून टाकावयाच्या. असे लागोपाठ काही वर्षे केले की गुण स्थिरावतात व नवा वाण तयार होतो. यास निवड पद्धती म्हणतात. धानाचे पीक वर्षातून एकदाच घेतले जाई, त्यामुळे प्रत्येक पायरीस एक वर्ष लागे. एक चूक झाली, दाण्यात दाणा मिसळला, की मागील श्रम वाया! दादाजींजवळ प्रयोगशाळा नव्हती. डोळे, बोटे आणि स्मरण हीच त्यांची साधने होती. या साधनांनी त्यांनी पाच वर्षे धीराने हे काम केले.

सुमारे १९९० मध्ये गावातील एका मोठ्या शेतकऱ्याने त्यांच्याकडून दीडशे किलो बियाणे नेऊन चार एकरांत लावले. पीक उत्तम आले. ते धान तळोधीच्या बाजारात गेले, तेव्हा व्यापाऱ्यांनी त्याचे नाव विचारले. नाव तर ठेवलेलेच नव्हते! त्या काळी एच. एम. टी. ची मनगटी घड्याळे फार लोकप्रिय होती. तेच नाव या बारीक, सुबक तांदळास मिळाले. पुढे एच. एम. टी. तांदूळ विदर्भातच नव्हे, तर शेजारच्या राज्यांतही पोचला. लक्षावधी लोकांनी तो खाल्ला. घड्याळाचे नाव सर्वांस ठाऊक झाले. पण ज्याने ते धान निवडले, त्याचे नाव फारच थोड्यांस ठाऊक होते.

दादाजींनी मात्र आपले काम थांबविले नाही. ‘नांदेड चिन्नोर’, ‘नांदेड ९२’, ‘नांदेड हिरा’, ‘विजय नांदेड’, ‘दीपक रत्न’ असे आणखी कितीतरी वाण त्यांनी निवडून काढले. त्यांपैकी अनेकांस त्यांनी आपल्या गावाचे नाव दिले, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. जे बियाणे मिळाले, ते त्यांनी कुलुपात ठेवले नाही. शेजाऱ्यापाजाऱ्यांस ते देत गेले आणि त्यांच्या शेतांतून ते दूरवर पसरले.

यामुळे त्यांच्या घरी संपत्ती आली असेल, असे कोणास वाटेल. तसे घडले नाही. घरातील आजारपणाच्या खर्चापायी त्यांना जमीन विकावी लागली. ज्याच्या वाणाने इतरांची कोठारे भरली, त्यालाच दीड एकराच्या तुकड्यावर संसार आणि प्रयोग दोन्ही चालविण्याची पाळी आली. म्हातारपणीही त्यांची मजुरी सुटली नाही. दुसरे एक दुःख त्याहून खोल होते. त्यांच्याच बियाण्यापासून शुद्ध केलेला एक वाण १९९८ मध्ये शेतकऱ्यांसाठी प्रसृत झाला. परंतु त्याचे श्रेय देताना दादाजींचे नाव घेतले गेले नाही. बियाणे शुद्ध करणे हेही ज्ञानाचे काम आहे, यात शंका नाही. पण ज्याने प्रथम ते रत्न चिखलातून वेचले, त्याचा उल्लेख करणे हा न्याय होय. मजुराच्या हातून ज्ञान निर्माण होऊ शकते, हे मानण्यास समाज पुष्कळदा तयार नसतो. दादाजींना या समजुतीशीही झगडावे लागले.

अखेर त्यांच्या कार्याची दखल घेतली गेली. २००५ साली तत्कालीन राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते त्यांचा गौरव झाला. २०१० मध्ये ‘फोर्ब्स’ या नियतकालिकाने भारतातील प्रभावी ग्रामीण उद्योजकांच्या यादीत त्यांचा समावेश केला. दरम्यान, भारताच्या संसदेने २००१ मध्ये एक महत्त्वाचा कायदा संमत केला होता. शेतकऱ्याने विकसित केलेल्या वाणाची नोंद त्याच्या नावे व्हावी, आणि पिकातून बियाणे राखण्याचा, पेरण्याचा व देवघेव करण्याचा त्याचा हक्क अबाधित राहावा, अशी तरतूद त्या कायद्यात आहे. दादाजींसारख्यांच्या श्रमांकडे पाहिले म्हणजे या तरतुदीचे मोल कळते.

३ जून २०१८ रोजी दादाजींचे निधन झाले. मृगाचा पाऊस तेव्हा तोंडावर आला होता, आणि झाडीपट्टीतील शेतकरी पेरणीसाठी बियाणे काढून ठेवीत होते.

शेतात राबणाऱ्या मनुष्याचे केवळ हातच राबतात, असे आपण समजतो. वस्तुतः त्याची बुद्धीही तेथे अखंड राबत असते. पाणी केव्हा सोडावे, रोप केव्हा उपटावे, कोणता दाणा बियाण्यास ठेवावा, हे सारे ज्ञानच आहे. ते पुस्तकात लिहिलेले नसेल, पण आपल्या पुढ्यातील भाताच्या प्रत्येक घासात ते उतरलेले असते.

स्वाध्याय

१. तीन लोंब्या वेगळ्या दिसताच दादाजींनी काय केले? पुढील वर्षी त्यांनी कोणती काळजी घेतली?
२. निवड पद्धती म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
३. ‘मजुराच्या हातून ज्ञान निर्माण होऊ शकते’ हे या पाठाच्या आधारे पटवून द्या.
४. तुमच्या परिसरातील एखाद्या वृद्ध शेतकऱ्यास किंवा कारागिरास भेटा. त्यास अनुभवातून कळलेली एक गोष्ट विचारून दहा ओळींत लिहा.