धर्मादाय रुग्णालयातली राखीव खाट : कोणाला फुकट, कोणाला निम्म्यात

मुंबईचे जसलोक, लीलावती, हिंदुजा. पुण्याचे रुबी हॉल. नावे ऐकली की साधा माणूस खिसा चाचपतो आणि दुसरीकडे चौकशी करू लागतो. कागदोपत्री मात्र ही सगळी धर्मादाय रुग्णालये आहेत. न्यास म्हणून अशा रुग्णालयांना करांत सवलत मिळते, काहींना जमीन आणि चटईक्षेत्रातही मिळालेली असते. त्या बदल्यात महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याच्या कलम ४१ कक खाली आणि मुंबई उच्च न्यायालयाने २००६ साली मंजूर केलेल्या योजनेनुसार त्यांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांना मोफत आणि आणखी १० टक्के खाटा दुर्बल घटकांना निम्म्या दरात द्यायच्या आहेत. ही मेहेरबानी नाही, घेतलेल्या सवलतींची परतफेड आहे. तेव्हा मागताना मान खाली घालू नका.

निर्धन कोण? ज्या कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न १,८०,००० रुपयांपर्यंत आहे ते, म्हणजे महिन्याला १५,०००. दुर्बल घटकासाठी मर्यादा ३,६०,०००, म्हणजे महिन्याला ३०,०००. सोसायटीचा वॉचमन, दुकानातला सेल्समन, घरकाम करणाऱ्या मावशी यांतले बहुतेक जण या दोन्हींपैकी एका रकान्यात बसतात. अनेकांना ते ठाऊक नसते, कारण ‘गरीब म्हणजे पिवळे रेशनकार्डवाला’ ही समजूत पक्की आहे. पिवळे कार्ड चालतेच, पण तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखलाही चालतो.

आता बिलाकडे येऊ, कारण खरी गोम तिथे आहे. समजा एका शस्त्रक्रियेचे बिल असे होते : रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने शस्त्रक्रियागृह, तपासण्या वगैरे मिळून १,००,००० रुपये; औषधे, इतर साहित्य आणि इम्प्लांट छापील किमतीने ८०,०००, पण रुग्णालयाने ते घेतले ६०,००० ला. योजनेत औषधे आणि इम्प्लांट खरेदी किमतीनेच लावायचे असतात. म्हणजे हिशेब १,८०,००० चा नव्हे, १,६०,००० चा. निर्धन रुग्णाने शून्य भरायचे. दुर्बल घटकातल्या रुग्णाने साधारण निम्मे, म्हणजे ८०,००० च्या आसपास. डॉक्टरांनी आपली फी सोडली असेल तर ती अंतिम बिलात येता कामा नये. निर्धन रुग्णाच्या बाबतीत खाट, नर्सिंग, निवासी डॉक्टर, पाणी, वीज, चादरी आणि नेहमीच्या तपासण्या यांचे पैसे लागत नाहीत.

बिलाच्या कागदावर दोन गोष्टी बघा. औषधांच्या ओळीत छापील किंमत लावली आहे की खरेदी किंमत? आणि सवलतीच्या ओळीत ‘आयपीएफ’ लिहिले आहे का? आयपीएफ म्हणजे निर्धन रुग्ण निधी. रुग्णालयाने आपल्या एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम त्यात जमा करायची आणि सवलत त्यातून वळती करायची. ‘मॅनेजमेंट डिस्काउंट’ म्हणून पाच-दहा हजार कापून दिले तर ती तुमची हक्काची सवलत नव्हे, तो तोंड बंद करण्याचा खर्च समजा.

हा सगळा व्यवहार बिलाच्या खिडकीवर होत नाही. तो वैद्यकीय समाजसेवकाच्या टेबलावर होतो, आणि हे टेबल शोधायला अनेकदा दोन-तीन जणांना विचारावे लागते. भरतीच्या दिवशीच तिथे जा. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. डिस्चार्जच्या दिवशी दाखला काढून दाखवला तर ‘आधी का नाही सांगितलंत?’ हे ऐकावे लागते आणि घासाघीस सुरू होते. ‘राखीव खाटा भरल्या’ असे उत्तर मिळाले तर धर्मादाय आयुक्तांच्या संकेतस्थळावर रुग्णालयनिहाय खाटांची माहिती असते, ती मोबाइलवर उघडून समोर ठेवा. ‘निधी संपला’ हे उत्तर तर सर्रास मिळते. निधीचा ताळमेळ बसत नसेल तर रुग्णालयाने ते देखरेख समितीपुढे मांडायचे असते. रुग्णाला परत पाठवणे हा त्यावर उपाय नाही. अशा वेळी धर्मादाय सहआयुक्त किंवा उपायुक्त कार्यालयात लेखी तक्रार द्या.

डिपॉझिटबाबत मात्र कोणतीही घासाघीस नको. आणीबाणीच्या प्रसंगी धर्मादाय रुग्णालयाने डिपॉझिट मागायचे नाही, रुग्णाला तातडीने दाखल करून घ्यायचे आणि तो स्थिर होईपर्यंत जीवरक्षक उपचार द्यायचे, असे योजनेतच म्हटले आहे. एप्रिल २०२५ मध्ये पुण्यातल्या एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर हा नियम वर्तमानपत्रांत आला. नियम २००६ पासूनचा आहे.

धर्मादायकडे वळण्याआधी एक विचारून घ्या : हा उपचार महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत बसतो का? १ जुलै २०२४ पासून ती राज्यातल्या सर्व कुटुंबांना लागू आहे, पांढरे रेशनकार्ड असले तरी. कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण, उत्पन्नाची अट नाही. अडचण इतकीच की यादीतलाच उपचार आणि यादीतलेच रुग्णालय हवे. अंगीकृत रुग्णालयात आरोग्यमित्र बसतो, किंवा १५५३८८ वर फोन करा. ही रोकडरहित योजना आहे. आधी स्वतः पैसे भरून मग परतावा मागू असा बेत करू नका.

साधा आजार असेल तर जिल्हा रुग्णालय, उपजिल्हा रुग्णालय किंवा प्राथमिक आरोग्य केंद्र गाठा. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या या ठिकाणी १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेही पैसे नाहीत. वैद्यकीय महाविद्यालयांची आणि महापालिकांची रुग्णालये या निर्णयात नव्हती, तिथे शुल्क लागते.

खासगी रुग्णालयात राखीव खाटांचा प्रश्न येत नाही, पण २०२१ च्या सुधारित नर्सिंग होम नियमांनुसार दरपत्रक आणि रुग्णहक्कांची सनद दर्शनी भागात लावायलाच हवी. बिल थकले म्हणून मृतदेह अडवता येत नाही.

शेवटी एकच विनंती. घरात आज कोणी आजारी नसेल तर याच आठवड्यात सेतू केंद्रात जाऊन चालू आर्थिक वर्षाचा उत्पन्नाचा दाखला काढा आणि रेशनकार्ड, आधार यांच्या प्रतींसोबत एका पिशवीत ठेवा. रुग्ण अतिदक्षता विभागात असताना तहसील कार्यालयाच्या रांगेत उभे राहणे कोणालाच जमत नाही.