पेठच्या शेतकऱ्याची मालमत्ता

नाशिक जिल्ह्याच्या पश्चिमेस, सह्याद्रीच्या डोंगरांत पेठ तालुका वसला आहे. कोकणा, महादेव कोळी व वारली हे येथील प्रमुख शेतकरी समाज; भात, नागली व वरई ही त्यांची मुख्य पिके होत. उन्हाळ्यात पालापाचोळा, डहाळ्या व शेण पसरून राब भाजतात. पाऊस पडताच तेथे बी पेरतात आणि रोपे वाढली म्हणजे आवणी करतात.

अशा घरची मालमत्ता ती किती? कुडाच्या भिंती, बैलजोडी, नांगर आणि धान्याची कणगी! परंतु या सर्वांचे मूळ जमीन होय. बैल मेला तर दुसरा घेता येईल. जमीन गेली म्हणजे मालकाचा मजूर होतो.

पुष्कळांची शेते वनखात्याच्या हद्दीत. कसणारा पिढ्यान्‌पिढ्या तोच, पण कागदावर त्याचे नाव नव्हते. याकरिता २००६ साली वनहक्क कायदा झाला. १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या वनजमिनीवर आदिवासी कुटुंबास ४ हेक्टरांपर्यंत हक्क मिळू शकतो. दाव्याचा आरंभ ग्रामसभेत होतो. हा हक्क वारसास मिळतो, मात्र विकता येत नाही. आणि त्यावर पतीबरोबर पत्नीचेही नाव लागते. मार्च २०१८ मध्ये हजारो शेतकरी नाशिकहून मुंबईस पायी गेले, तेव्हा वनजमिनीचा हक्क ही त्यांची एक मुख्य मागणी होती.

विद्यार्थिमित्रहो, घरचे कागद वडीलधाऱ्यांस वाचून दाखवा. नावे, क्षेत्र व चतुःसीमा नीट पाहा. नांगराने पिकविलेले शेत अक्षरानेही राखावे लागते.