नाक डोलतं तेव्हा

सोनिवली, बदलापूर (प.)

चि. चिमणीस,

ताईचा फोन आल्यापासून मामाचं कशात लक्ष नाही. क्रॉस-कंट्रीवर ऑटोपायलट लावला, विमानाचं नाक वर-खाली डोलू लागलं, लेकीनं ते हातानं दाबून धरलं आणि उतरल्यावर टेक लॉगमध्ये एक ओळ लिहिली नाही. ताई हे कौतुकानं सांगत होती. हँगरमध्ये जन्म काढलेल्या मामाला धडकी भरली.

ऑटोपायलट चालू असताना दांड्याशी झटायचं नसतं, चिमणे! बऱ्याच छोट्या विमानांत हाताच्या जोरानं तो सुटत नाही. पायलट नाक खाली दाबतो तसा ऑटो-ट्रिम उलट, वरच्या बाजूला फिरत राहतो. मग ऑटोपायलट सोडला की तो सगळा जोर एकदम मनगटावर येतो. 26 एप्रिल 1994 ला नागोयात चायना एअरलाइन्सचं एअरबस उतरत असताना चुकून गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा वर चढायचा मोड, लागला. वैमानिक नाक दाबत राहिले, ऑटोपायलट शेपटीचा ट्रिम उलट नेत राहिला. 271 पैकी 264 माणसं गेली.

नकळत दांडा दाबला गेला तरी काय होतं, ते मे 2010 मध्ये दुबई-पुणे विमानात दिसलं; ते तर आपल्याच माणसांनी भरलेलं. कॅप्टन बाहेर गेलेले, को-पायलट सीट पुढे घेत होता, तेवढ्यात कंट्रोल कॉलम पुढे ढकलला गेला आणि बोइंग सुमारे 7000 फूट खाली आलं. कॅप्टननं येऊन सावरलं म्हणून सगळे वाचले.

म्हणून नाक डोलू लागलं की आधी ऑटोपायलट सोडायचं लाल बटण. त्यानं तो सुटला नाही तर त्याचा सर्किट ब्रेकर. मग ट्रिम नीट करून विमान हातानं उडवायचं.

आणि उतरल्यावर टेक लॉगमध्ये स्नॅग, म्हणजे बिघाडाची नोंद, लिहायचा. मोड कोणता होता, उंची, वेग, एक हेलकावा किती सेकंदांचा. फक्त ऑल्टिट्यूड होल्डमध्ये डोलत असेल तर इंजिनिअर आधी स्टॅटिक लाइन बघेल, पावसाळ्यात तिथे पाणी शिरतं. सगळ्याच मोडमध्ये डोललं तर पिच सर्व्होची केबल सैल आहे का, क्लच घसरतोय का, हे तपासेल. नुसतं ‘ऑटोपायलट बरोबर नाही’ लिहून भागत नाही, कारण जमिनीवर सगळं शहाण्यासारखं चालतं. आणि काहीच न लिहिलं तर उद्या त्याच विमानात दुसरं कुणाचं तरी पोर बसतं. हेच मामाच्या डोक्यातून जात नाही.

नेवाळीची ब्रिटिशांच्या वेळची धावपट्टी बघायला मामा सायकलनं जायचा. पायलटच व्हायचं होतं. लायसन्सचे पैसे घरात कुठून येणार? पाने हाती आले. ती सल अजून आहे, त्यामुळे शब्द जरा कडक झाले असतील. रागावू नकोस. घाबरल्यावर हात आपोआप दांडा दाबतात, जुन्याजाणत्या वैमानिकांचेही दाबतात. नाक डोलत असताना विमान सुखरूप उतरवलंस, हे मामाला कळतं.

स्नॅग अजूनही लिहिता येईल. कुणी काही बोललं तर मामाला फोन लाव, रात्री कितीही वाजता. मामीनं कुरडया पाठवल्या आहेत. जेवत जा वेळेवर.

तुझा,
मामा