लक्ष्मण पै : तंत्र पॅरिसचं, रेष गोव्याची

इंजिनिअरिंग कॉलेजच्या मॅगेझिनमध्ये चित्रकाराचं काय काम, असं तुम्हाला वाटेल. पण पीसीबी कसा बनवतात ते आठवून पाहा. कॉपर-क्लॅड बोर्डवर मार्करने ट्रॅक काढायचे आणि बोर्ड फेरिक क्लोराइडमध्ये सोडायचा. उघडं तांबं विरघळतं, शाईखालचं राहतं. जवळजवळ याच तत्त्वाने युरोपात साधारण ५०० वर्षं चित्रं छापली जात आहेत. या कलेला एचिंग म्हणतात, मराठीत अम्लरेखन. आपल्या शेजारच्या गोव्याचा एक माणूस पॅरिसला जाऊन ही कला शिकला. त्यांचं नाव लक्ष्मण पै.

पै यांचा जन्म २१ जानेवारी १९२६ चा, मडगावचा. तेव्हा गोव्यावर पोर्तुगीजांचं राज्य होतं. मडगावात त्यांच्या मामांचा फोटो स्टुडिओ होता. तिथे ब्लॅक अँड व्हाइट फोटोंना रंग देता देता त्यांचा हात तयार झाला. १९४३ ते १९४७ या काळात ते मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकले. याच दशकात त्यांनी गोवा मुक्तीच्या चळवळीतही भाग घेतला आणि त्यासाठी अटकही सोसली. १९५१ मध्ये ते पॅरिसला गेले आणि १० वर्षं तिथेच राहिले. तिथल्या एकोल दे बोझार या कलाशाळेत ते फ्रेस्को, म्हणजे ओल्या गिलाव्यावरचं चित्रण, आणि एचिंग शिकले.

आता एचिंग म्हणजे नेमकं काय करतात ते पाहू. तांब्याची किंवा जस्ताची गुळगुळीत प्लेट घ्यायची. तिच्यावर मेण आणि डांबरासारख्या पदार्थाचा पातळ थर द्यायचा. मग टोकदार सुईने चित्र काढायचं. सुई धातू कापत नाही, फक्त थर खरवडते. प्लेट अॅसिडमध्ये ठेवली की उघड्या रेषा खोल होत जातात. म्हणजे पीसीबीच्या बरोबर उलटं : तिथे आपण काढलेली रेष वाचते, इथे आपण काढलेली रेषच खाल्ली जाते. जितका वेळ जास्त तितकी खाच खोल, खाचेत शाई जास्त, आणि कागदावर रेष गडद. फिकी हवी असलेली रेष मधेच बाहेर काढून वॉर्निशने झाकायची आणि बाकीची प्लेट परत अॅसिडमध्ये सोडायची. शेवटी प्लेटला शाई भरायची, वरची शाई कापडाने पुसायची, ओलसर कागद ठेवायचा आणि रोलरच्या प्रेसमधून दाबून काढायचं. चित्र उलटं उमटतं, त्यामुळे अक्षरं असतील तर ती प्लेटवर आधीच उलटी काढावी लागतात!

हे सगळं शिकवता येतं. वेळ, अॅसिड, दाब, सगळं वहीत लिहून घेता येतं. पण सुईने काय काढायचं, ते कोण शिकवणार?

हा प्रश्न फक्त आपल्याकडच्यांनाच पडतो असं नाही. स्पेनचा होआन मिरो (१८९३–१९८३) हा मोठा चित्रकार आणि मुद्राचित्रकारसुद्धा बार्सिलोनाहून पॅरिसला आला होता. तिथे त्याने पूर्ण केलेलं १९२१–२२ चं गाजलेलं चित्र कशाचं? गावाकडच्या शेतघराचं! त्या चित्राचं नावच 'द फार्म' आहे.

पै यांचंही असंच झालं. पॅरिसमध्ये त्यांनी १० एकल प्रदर्शनं भरवली. मॉडर्न आर्ट त्यांनी जवळून पाहिलं, त्यातलं जे पटलं ते घेतलंही. पण त्यांच्या चित्रांत गोव्याची माणसं आणि गोव्याचा निसर्ग राहिला. गीतगोविंद, रामायण, बुद्धाचं जीवन यांवर त्यांनी चित्रमालिका केल्या. त्यांची लयदार रेष आपल्या जुन्या लघुचित्रांशी नातं सांगते. भारतात परतल्यावर त्यांनी रागसंगीतातले भाव रंगरेषांत पकडायचा प्रयत्न केला. १९७७ ते १९८७ या काळात ते गोवा कला महाविद्यालयाचे प्राचार्य होते. १९८५ मध्ये पद्मश्री आणि २०१८ मध्ये पद्मभूषण मिळालं. १४ मार्च २०२१ रोजी, वयाच्या ९५ व्या वर्षी, गोव्यात त्यांचं निधन झालं.

मला वाटतं, हा विषय आपल्या कुरुळीत फार जवळचा आहे. इथून चाकणकडे निघालं की देशोदेशीच्या कंपन्यांचे बोर्ड लागतात. उद्या आपल्यातले बरेच जण तिथेच लागतील आणि दुसऱ्या देशात तयार झालेल्या ड्रॉइंगवरून पार्ट काढतील. त्यात कमीपणा काहीच नाही. मायक्रॉनमधला टॉलरन्स सांभाळणं ही शिकण्यासारखीच गोष्ट आहे, पैसुद्धा आधी शिकायलाच गेले होते. पण ते तिथे थांबले नाहीत. आपण कॉपी-पेस्ट असाइनमेंटवर थांबलो, तर नोकरीतही दुसऱ्याचंच ड्रॉइंग गिरवत राहू.

प्रोसेस जगातून कुठूनही घ्या, अगदी मनापासून घ्या. मात्र प्लेटवर सुई टेकवण्याआधी स्वतःला एकदा विचारा : ही रेष माझी आहे का? कारण अॅसिडमधून निघालेली रेष सहज पुसता येत नाही.