गवताचा भारा आणि काटा
(इयत्ता सहावी ते आठवीसाठी एक पाठ)



वेवजीच्या आपल्या संध्याकाळच्या अभ्यासवर्गात सहावी ते आठवीची मुले येतात. उत्पादन, वितरण आणि उपभोग या तिन्ही शब्दांच्या व्याख्या त्यांना तोंडपाठ आहेत. एके दिवशी मी सहज विचारले, "आपल्या गावात कशाचे उत्पादन होते?" कोणी बोलेना. शेवटी एका मुलीने उंबरगावच्या दिशेने हात केला आणि म्हणाली, "ताई, आपल्याकडे नाही होत. तिकडे कंपनीत होते."

तिचे काही चुकले नव्हते. वेवजीची हद्द सोळसुंब्याला लागून आहे. पलीकडे गुजरात आणि तिथली औद्योगिक वसाहत. सकाळी ठेकेदाराच्या गाडीतून कोणाचा बाप जातो, कोणाचा भाऊ. आठवी झाली की आमच्या वर्गातलाही एखादा मुलगा हेल्पर म्हणून निघून जातो. आपल्या माणसांनी कधी काही निर्माण केलेच नाही असे मनात घेऊन तो जातो, आणि मिळेल तो रोज मुकाट्याने घेतो. याच कारणासाठी मी हा पाठ गवतापासून सुरू केला.

पहिल्या दिवशी मुलांना घरच्या म्हाताऱ्या माणसांना एकच प्रश्न विचारून यायला सांगितले : "पावसाळा संपल्यावर तुम्ही काय काम करायचात?" जवळजवळ सगळ्यांनी एकच उत्तर आणले, गवत कापायचो. मग फळ्यावर त्या गवताचा प्रवास काढला. डोंगरउतारावर आणि माळावर वाढलेले गवत दसऱ्याच्या सुमारास तयार होते. ते विळ्याने कापायचे, सुकवायचे, भारे बांधून वखारीत न्यायचे. तिथे दाबून गाठी बांधल्या जात आणि रेल्वेने मुंबईला जात. १८६० च्या दशकात ही रेल्वे झाली आणि आपल्या माळावरच्या गवताला मोल आले, कारण मुंबईत म्हशींचे तबेले होते आणि शहराला दूध हवे होते. गवत आमचे, दूध मुंबईचे. एका मुलाने विचारले, "मग आमच्या आजोबांना दूध मिळायचे का?" या प्रश्नावर मी काही बोलले नाही. त्यालाच घरी विचारून यायला सांगितले. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "कोरा चहासुद्धा नव्हता म्हणे."

शिक्षकांनी इथे घाई करू नये. उपभोग म्हणजे काय हे त्या एका वाक्यात मुलांना समजले होते. मजुरीच्या पैशातून घरात काय यायचे, तेही त्यांनी विचारून आणले : मीठ, सुके बोंबील, एखादे लुगडे.

दुसऱ्या दिवशी इतिहास सांगितला. त्या काळी आपला भाग ठाणे जिल्ह्यात, उंबरगाव तालुक्यात होता. १९६० साली राज्ये वेगळी झाली तेव्हा उंबरगाव गुजरातेत गेले. जमिनी सावकार-जमीनदारांच्या हातात होत्या आणि वारली त्यांच्याकडे वेठीला. लग्नासाठी कर्ज काढले की नवराबायको दोघेही बांधले जात, त्यांना लग्नगडी म्हणत. १९३० च्या दशकाच्या अखेरीस सिमिंग्टन नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने ही वेठ सरकारी अहवालात लिहून ठेवली, पण अहवालाने ती थांबली नाही. मे १९४५ मध्ये आपल्याच तालुक्यातल्या झरी गावी वारल्यांची मोठी परिषद झाली आणि वेठ करायची नाही असे ठरले. त्याच वर्षी गवताच्या हंगामात मागणी पुढे आली : ५०० रत्तल गवत कापण्याचे अडीच रुपये मिळालेच पाहिजेत. लोकांनी विळे खाली ठेवले. १० ऑक्टोबर १९४५ ला तलवाडा येथे जमलेल्या लोकांवर पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण मेले, त्यांत जेठ्या गांगड होता. तरीही संप मोडला नाही आणि जमीनदारांना दर मान्य करावा लागला.

हा लढा लाल बावट्याचा, गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेचा. म्हणून आपल्या मंडळीतले काही जण तो मुलांसमोर सांगायला बिचकतात. मला ते पटत नाही. याकोबाच्या पत्राच्या पाचव्या अध्यायाचे चौथे वचन उघडून पाहा, ते शेत कापणाऱ्यांच्या मजुरीबद्दलच आहे. आम्ही ते वचन त्या दिवशी वर्गात वाचले आणि त्यावर मला फार काही बोलावे लागले नाही. ज्या शिक्षकांना अधिक वाचायचे आहे त्यांनी गोदावरीबाईंचे 'जेव्हा माणूस जागा होतो' हे पुस्तक मिळवावे.

तिसऱ्या दिवशी गणित. मी एक ताणकाटा नेला होता. रत्तल म्हणजे सुमारे ४५४ ग्रॅम, म्हणजे ५०० रत्तल सुमारे २२७ किलो. अडीच रुपयांचे आणे ४०. एका आण्याला साडेबारा रत्तल, साधारण साडेपाच-पावणेसहा किलो. मुलांना वर्गामागच्या माळावर सोडले आणि सांगितले, एक आण्याचे गवत कापून आणा. उन्हात पाठी वाकल्या, कोणाच्या बोटाला पाते लागले. जो तो भारा काट्याला लावायचा आणि कमी भरला की परत पळायचा. (विळे मोठ्या मुलांनाच द्यावेत आणि जवळ उभे राहावे.) संप जिंकून मिळालेला दर एवढा होता, तर त्याआधीचा केवढा असेल, हे मला वेगळे सांगावे लागले नाही.

मी पाठात न लिहिलेला भाग मुलांनीच काढला. सातवीतला एक मुलगा म्हणाला, "ताई, ओले गवत जड असते, सुकल्यावर हलके होते. मग मालक वजन कधी करायचा?" दुसरा म्हणाला, "आणि काटा कोणाचा?" त्यावर अर्धा तास बोलणे चालले. पुस्तकात उत्पादनापासून वितरणाकडे एक सरळ बाण काढलेला असतो. आम्ही फळ्यावर त्या बाणाच्या मधोमध काटा काढला आणि खाली तीन प्रश्न लिहिले : वजन कोण करतो? दर कोण ठरवतो? वही कोण लिहितो?

हेच तीन प्रश्न घेऊन मुलांनी आजच्या कामांकडे पाहिले. घोलवड-डहाणूच्या चिकूला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ते नाव पेटीवर येते, पण झाडावर चढून फळ उतरवणाऱ्याच्या रोजात त्याने काय फरक पडला, हे मुले वाडीवर जाणाऱ्या आपल्या आयांना विचारणार आहेत. वीटभट्टीचा हिशेबही आहे. तिथे पावसाळ्यात घेतलेली उचल पुढच्या वर्षीपर्यंत फिटत नाही. त्या वहीबद्दल बोलताना दोन मुले एकदम गप्प झाली, म्हणून तो विषय मी तिथेच थांबवला आणि नंतर त्यांच्या घरी जाऊन आले.

एका मुलाने कंपनीत जाणाऱ्या भावाला विचारले, "दादा, तुझी हजेरी कोण लिहितो?" ठेकेदार लिहितो. "आणि तू?" भाऊ हसला म्हणे. पण आता त्यांच्या भिंतीवरच्या कॅलेंडरवर रोज पेनाने एक खूण होते आणि ओव्हरटाइमच्या दिवशी दोन.

आपल्या शब्बाथशाळेत किंवा अभ्यासवर्गात हा पाठ घ्यायचा असेल तर तीन संध्याकाळी पुरतात, आणि हंगाम संपायच्या आत घ्यावा. माळ एकदा कापला गेला की काट्याला लावायला काही उरत नाही. ताणकाटा, दोन विळे आणि फळा एवढेच साहित्य लागते. माझा काटा उसना होता, तो परत करावा लागला. कोणाच्या घरी जुना पडून असेल तर वेवजीच्या वर्गासाठी जरूर पाठवा.