चार ओळींची निधनवार्ता

वर्तमानपत्राच्या स्थानिक पानासाठी मी बरीच वर्षे निधनवार्ता लिहिल्या. घरचे लोक त्या चार ओळींचे कात्रण जन्मभर जपतात. म्हणून नव्या वार्ताहरांसाठी हे लिहितो आहे.

१. 'निधन' हा शब्द समजून वापरा. पैसा नसलेला तो निर्धन. त्याचा इथे संबंध नाही. 'नि' आणि 'धा' यांपासून निधन झाला: खाली ठेवणे, विसावणे. सामगायनात सामाच्या अखेरच्या भागालाही निधन म्हणतात. प्रस्ताव, उद्गीथ, प्रतिहार हे भाग वेगवेगळे ऋत्विज गातात. निधन मात्र सगळे मिळून गातात. छांदोग्य उपनिषदाच्या दुसऱ्या अध्यायात हिंकारापासून निधनापर्यंतची उपासना सांगितली आहे. हे वाचल्यापासून मला हा शब्द कधी कोरडा वाटला नाही.

२. त्या घराचा शब्द विचारून घ्या. वारकऱ्यांकडे वैकुंठवासी, लिंगायतांत लिंगैक्य, मुसलमानांत पैगंबरवासी, ख्रिश्चनांत ख्रिस्तवासी, बौद्धांत कालकथित. सरसकट प्रत्येक नावाला 'कै.' जोडू नका. कैलास शंकराचा. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर ज्या घराने देव सोडले, त्या घरातल्या माणसाला मेल्यावर कैलासात पाठवणे हा अन्यायच आहे. 'देवाज्ञा झाली' हेही नास्तिकाबद्दल लिहू नये. विचारायला संकोचू नका. दुःखात असले तरी लोक लगेच सांगतात.

३. अंत्ययात्रेची वेळ आणि स्मशानभूमीचे नाव फोन करून पुन्हा ताडून घ्या.

४. मृत्युलेख वेगळा, निधनवार्ता वेगळी. टिळकांनी 'केसरी'त आगरकरांवर १८९५ साली, रानड्यांवर १९०१ साली, गोखल्यांवर १९१५ साली लिहिले. तिघांशीही त्यांचे मतभेद जगजाहीर होते. माणसाचे मोल करायचे तर एवढा अधिकार आणि एवढी जागा लागते. चार ओळींत ते जमत नाही. तिथे नाव, वय, गाव, काम आणि परिवार अचूक द्यावा, विशेषणे गाळावीत.

५. 'अमुक यांच्या मातोश्रींचे वृद्धापकाळाने निधन' अशी बातमी आजही येते आणि त्या बाईंचे नाव तिसऱ्या ओळीत सापडते, कधी सापडतही नाही. मुलगा मोठा असेल, पण बातमी आईची आहे. पश्चात परिवारातही मुलगे नावानिशी आणि मुली 'दोन विवाहित मुली' एवढ्याच. घरून असा मजकूर आला तर परत फोन करा आणि बाईंचे नाव, त्यांनी आयुष्यभर केलेले काम, मुलींची नावे मागून घ्या. आणि बातमी त्यांच्याच नावाने सुरू करा.