संकटकाळची वाट

19 जुलै 2024 रोजी क्राउडस्ट्राइक या कंपनीच्या सुरक्षाप्रणालीतील एका सदोष फाइलमुळे जगभरातील सुमारे 85 लाख विंडोज संगणक बंद पडले. सुरू होताच निळा पडदा दाखवून ते पुन्हा थांबत. त्या दिवशी देवनहळ्ळी येथील केंपेगौडा आंतरराष्ट्रीय विमानतळावरही प्रवाशांच्या लांब रांगा लागल्या. विमान कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना नोंदणी हाताने करावी लागली.

उपाय संगणकातच होता. विंडोज पूर्ण सुरू होण्याआधी दुरुस्तीच्या पर्यायांची यादी उघडता येते. तिच्यातील ‘सेफ मोड’ निवडल्यास केवळ अत्यावश्यक आज्ञावल्या चालू होतात. या वाटेने आत जाऊन तंत्रज्ञांनी ती फाइल काढून टाकली. मात्र अनेक ठिकाणी प्रत्येक संगणकापाशी स्वतः जावे लागले. ज्या संगणकांतील माहिती कुलूपबंद होती, तेथे पुनर्प्राप्तीची सांकेतिक किल्लीही लागली.

बिघडलेली आज्ञावली पुन्हा बसवता येते. नष्ट झालेली माहिती मात्र तिची प्रत जपली असेल तरच हमखास परत मिळते. ही प्रत वेगळ्या साधनात ठेवावी आणि ती उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे. तहान लागल्यावर विहीर खणून उपयोग नसतो.

पाठगत प्रश्न
1. ‘सेफ मोड’मध्ये कोणत्या आज्ञावल्या चालू होतात?
2. माहितीची प्रत वेगळ्या साधनात का ठेवावी?